धुराड्यावरचा पाळणा

नंदुरबार,
८ फेब्रुवारी १९४२

प्रिय रूपसिंग,

मला वाचता येत नाही, ही सबब तुला चालणार नाही, कारण तुला वाचायला मी शिकवलं आहे. शाळेच्या ओसरीवर, घंटेखालच्या ओट्यावर बसून तू पाटी घासून घासून पांढरी केलीस आणि 'ळ' काढताना दर वेळी जीभ बाहेर काढलीस. तेव्हा हे पत्र तू स्वतः वाचायचं, शेवटपर्यंत वाचायचं, आणि मधेच दुमडून खिशात घालायचं नाही. नको असेल ते दुमडून ठेवायचं आणि निघून जायचं, ही तुझी सवय मला चांगली ठाऊक आहे.

हबीब मिस्त्री गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नाला भरूचला गेला होता. परत आल्यावर टोपी हातात घेऊन माझ्या दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तो जित्ता शे. नर्मदाना धक्कावर बोटीसना दोर बांधी ऱ्हायना. माले देखीसन तोंड फिरायी लिधं." मी त्याला आत बोलावून चहा दिला, आणि हबीबला चहा द्यायची माझी ती पहिलीच वेळ होती. तो गेल्यावर मात्र मला तुझा इतका राग आला की कप विसळताना कान तुटला. वीस वर्षांहून जास्त काळ आम्ही तुला मेलेला धरलं होतं. आणि तू दोराला भिऊन इथून पळालास तो पोट भरायला पुन्हा दोरच धरून बसलास. बोटीला मेहुणा नसतो, बहीण नसते, म्हणून तिचा दोर सोपा वाटत असेल.

माझी खबर विचारायला तू काही पत्र पाठवलं नाहीस, पण सांगते. गेल्या जूनमध्ये मी शाळेतून निवृत्त झाले. निरोपाला हार, नारळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं, जे दुसऱ्या दिवशी बंद पडलं. हेडमास्तरीण आता जाहेदा आहे. तुला आठवेल, दप्तरात चिंचा लपवणारी. ती चांगली शिकवते, मुलींना माझ्यापेक्षा कमी मारते, आणि मला शाळेमागची खोली सोडा असं अजून कोणाला म्हणू दिलेलं नाही. फक्त एका गोष्टीवरून आमचं वाजलं. आल्या आल्या तिनं पूर्वेकडच्या वर्गाच्या खिडक्यांना जाड खादीचे पडदे लावले. विचारलं तर म्हणाली, "बाई, मुली फळ्याकडे बघत नाहीत. तिकडे बघतात."

तिकडे म्हणजे कुठे, हे तुला सांगायला नको. गोवालचा पाळणा अजून लटकतो आहे.

कापसाचं ते जिन कधीच बंद पडलं, पत्रे उडाले, आवारात शेळ्या चरतात. पण धुराडं उभं आहे, आणि त्याच्या माथ्याखाली, विटांचा पट्टा बाहेर आला आहे ना, तिथे ती सागवानी फळी एका बाजूनं अडकून तिरकी लोंबते आहे. सुंभाचा दोर असता तर चार पावसाळ्यांत कुजून पडला असता. तो तारेचा. गंजला, पण तुटला नाही. पश्चिमेचा वारा सुटला की फळीचं मोकळं टोक विटांवर आपटतं. टक, टक. मग थांबतं. पुन्हा टक, टक. दुपारी मुली पाढे म्हणत असतात तेव्हा ऐकू येतं, मी भाकरी थापत असते तेव्हा येतं. संध्याकाळी गावातली गुरं परत येतात त्या वेळी तर जास्तच.

गावानं त्याचं काय केलं आहे ते ऐक. ज्यांनी गोवालला जिवंतपणी पाणीसुद्धा उंचावरून ओंजळीत ओतून दिलं, त्या घरांतल्या बायका आता आजारी पोरं घेऊन धुराड्याखाली येतात आणि त्याच्या नावानं नारळ फोडतात. म्हणतात, वर बसला आहे तो, पाय हलवतो. मी कॉन्व्हेंटमध्ये वाढले. तिथे मदर सुपीरियर सांगायच्या की मेलेला माणूस देवाकडे जातो, आणि ज्याला देवाकडे जायचं नसेल तो जिथे जातो तिथून सुटी मिळत नाही. त्यामुळे भुताखेतांना माझ्याकडे जागा नाही, आणि त्या बायकांना मी हे तोंडावर सांगितलं आहे. एवढं सांगून मी घरी येते. वारा सुटतो. टक, टक, आणि माझा हात आपोआप घंटेच्या दोराकडे जातो. त्याचं कारण तुला आणि मलाच माहीत आहे.

मी शिक्षिका होते. पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला पुढचं येत नाही. शिवाय तुझ्या डोक्यात ती गोष्ट इतकी वर्षं एकटीच फिरून फिरून भलतीच झाली असेल, म्हणून मी पाहिली तशी लिहिते.

तू शाळेत शिपाई म्हणून लागलास तेव्हा तुझी बहीण फुली आणि तिचा नवरा गोवाल रनाळ्याला कापूस वेचायला येत असत, आणि वेचणी संपली की काठी गावाच्या वरच्या डोंगरात परत जात. तिथे गोवाल कड्यावरचा मध काढायचा. तो कड्यावरून खाली लोंबणार आणि वर दोर तू धरणार. मी तुला विचारलं होतं, सख्खा भाऊ असताना त्याचा दोर मेहुण्यानं का धरायचा. तू हसलास, जणू मी पहिलीतली मुलगी. म्हणालास, "बाई, भावाला भावाची जमीन मिळते. बायकोच्या भावाला काय मिळतं? रांडावलेली बहीण. तो सोडणार नाही." कॉन्व्हेंटमध्ये मला बरंच तत्त्वज्ञान शिकवलं, पण माणसाच्या स्वभावावर इतकं नेमकं बोललेलं मी तिथे ऐकलं नव्हतं.

मग तू घंटेच्या दोरावर मला तुमची बोली दाखवलीस. वारा असतो, माश्या घोंघावतात, कड्यावर हाक ऐकू येत नाही, म्हणून दोरानंच बोलायचं. दोन झटके म्हणजे थांब. आणि कड्यावरून पाय सोडायच्या आधी एक लांब ओढ, म्हणजे माझा भार आता तुझ्यावर. ती ओढ आल्याशिवाय वरचा माणूस दोराला हात लावत नाही, आणि ती आल्यावर जगबुडी झाली तरी सोडत नाही. तू ते दाखवलंस आणि घंटा वाजली, आणि सगळी शाळा सुटी झाली समजून बाहेर आली. मी तुला त्या दिवशी फार बोलले होते.

धुराड्यावर वीज पडली ती त्याच्या पुढच्या पावसात. माथ्याच्या विटा हलल्या, खाली पडू लागल्या. हंगामाच्या आत लोखंडी पट्टा आवळून बसवायला हवा होता. काम हबीब मिस्त्रीनं घेतलं, पण त्याचे गवंडी परांचीवर चालणारे. इतक्या उंच बांबू बांधायचे म्हणजे अर्धा हंगाम गेला असता, आणि लोंबत्या फळीवर बसायला त्यांतला एकही तयार नव्हता. तेव्हा कोणीतरी तुझं नाव सांगितलं, आणि तू गोवालचं. धुराड्याच्या तोंडावर तुळई आडवी टाकली, तिच्या टोकाला कप्पी लावली, दोर कप्पीवरून खाली आणला आणि आवारातल्या चिंचेच्या खोडाला दोन वेढे देऊन तू धरलास. फळीला चार दोर बांधले, तिला तुम्ही पाळणा म्हणत होतात. पहिले काही दिवस काम तसंच झालं. माझ्या मुली खिडकीतून बघायच्या आणि गोवाल वरून त्यांना हात करायचा. मला ते शिस्तीच्या दृष्टीनं आवडलं नव्हतं, पण एकदा मीही हात केला होता. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

मग मॅनेजरनं विंच आणलं. दातेरी चाकांचा लोखंडी रहाट, दोन्हीकडे दांडे, दांडा सोडला तरी मागे फिरू नये म्हणून खिटी, आणि सुंभाच्या जागी तारेचा दोर. यंत्र चांगलंच होतं, खोटं का बोलू. त्या माणसाला वाटलं, माणसाच्या हातापेक्षा लोखंड बरं, आणि लोखंडी पट्ट्याचं ओझं वर चढवायचं तर त्याचं चुकलंही नव्हतं. गोवाल मात्र नको म्हणाला. तो आवारात उकिडवा बसला आणि उठेना. हबीबनं थट्टा केली, "यंत्रले साला लागत नही रे, तेल लागस." गोवालनं शांतपणे विचारलं, "तेलाला बहीण असते का?" सगळे हसले. हबीबही हसला. पण उठला नाही तो.

त्याला उठवलंस तू. हे मी तुझ्या तोंडावर लिहिते आहे, कारण तू निर्दोष आहेस असं गोड पत्र मी लिहिणार नाही. तुला ते विंच आवडलं होतं. तू त्याला तेल घालायचास, फडक्यानं पुसायचास, शाळेत येऊन मला त्याच्या दात्यांचं कौतुक ऐकवायचास. तू गोवालला म्हणालास, दांडा माझ्याच हातात असेल, मग दोर माझ्याच हातात नाही का? आणि गोवालनं ते मानलं. दांडा मेहुण्याच्या हातात, म्हणजे रीत पाळली गेली. मी किती वेळा विचार केला आहे, की तुमची ती रीत नसती तर गोवाल सरळ नाही म्हणाला असता आणि डोंगरात निघून गेला असता. जी रीत त्याला सांभाळायला होती, तिच्याच भरवशावर तो त्या फळीवर बसला. रीत तुम्ही पाळलीत. पण रीतीच्या आत जे होतं, ते हातातून हातात बोलणं, ते तारेत आणि दातेरी चाकांत उरलं नव्हतं. हे तेव्हा तुलाही कळलं नाही, त्यालाही नाही आणि मलाही नाही. तेव्हा एकट्यानं सगळं डोक्यावर घेऊन भरूचला जाऊन बसायचा अधिकार तुला कोणी दिला?

त्या दिवशी मी शिवणाच्या तासाला होते. मुली टाके घालत होत्या, मी खिडकीशी उभी. विंच उन्हात तापू नये म्हणून मॅनेजरनं त्यावर पत्र्याचं छप्पर घातलं होतं, त्यामुळे तुला वरचं काही दिसत नव्हतं. वर बघायला आवारात हबीबला उभं केलं होतं, आणि तो नेमका एका गाडीवाल्याशी भांडायला वळला होता. शेजारच्या जिनाची घरघर चालू होती. पाळणा वर चढत होता. मी पाहिलं की फळीची कड त्या पुढे आलेल्या विटांच्या पट्ट्याखाली अडकली. गोवालनंही पाहिलं. त्यानं तार धरून दोन झटके दिले. थांब. पुन्हा दोन. तुझ्या हातात सुंभ असता तर त्याआधीच तुला दोर जड लागला असता, तू वेढा घट्ट करून थांबला असतास. विंचाला जड काही लागत नाही. दांडा फिरत राहिला, फळीची मोकळी कड वर उचलली जाऊ लागली, आणि तो झटके देत होता. दोन. दोन.

तो काय सांगतो आहे हे त्या आवारातल्या कोणालाही कळत नव्हतं. रस्त्यापलीकडे खिडकीत उभ्या असलेल्या मास्तरणीला कळत होतं. ओरडून उपयोग नव्हता. मी धावत ओसरीवर गेले आणि घंटेचा दोर दोनदा ओढला. थांबले. पुन्हा दोनदा. पुन्हा. मुली दप्तरं घेऊन बाहेर आल्या, त्यांना वाटलं शाळा सुटली. आणि त्यांच्या देखत गोवाल फळीवरून घसरला.

तू ती घंटा ऐकली होतीस का, रूपसिंग? हे विचारायला मी इतकी वर्षं थांबले आहे. ऐकून तू दांडा थांबवलास आणि तरी उशीर झाला होता, की ती घंटा तुला नुसती शाळेची घंटा वाटली? मला उत्तर कोणतंही चालेल. उत्तर नसणं मात्र मला आता झेपत नाही. वारा सुटून ती फळी दोनदा आपटली की मला वाटतं तो अजून थांब म्हणतो आहे आणि खाली अजून कोणी ऐकत नाही. मग मी घंटेचा दोर हलकेच दोनदा ओढते, लोलक लागणार नाही इतका हलका. ऐकलं म्हणून सांगायला. शाळेचा आताचा शिपाई मला वेडी समजतो. मदर सुपीरियर काय म्हणाल्या असत्या ते बरं आहे मला कळणार नाही.

पुढचं तुला अर्धंच माहीत असेल. तुझी बोटं दांड्यावरून सुटत नव्हती. हबीबनं ती एकेक करून सोडवली, आणि तो रडत होता, हे मी पाहिलं आहे. फुली तान्ह्या जान्याला काखेत घेऊन आली. तिनं गोवालकडे पाहिलं, मग तुझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि एक शब्द बोलली नाही. त्या संध्याकाळी तू गेलास. चौकशीला साहेब आला तेव्हा ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या एकानंही वर पाहिलेलं नव्हतं, आणि जिनं पाहिलं होतं तिला विचारलं नाही. कागदावर लागलं की डोंगरातला माणूस मोहाची दारू पिऊन वर चढला, आणि खालचाही प्यालेला होता, म्हणून तर पळाला. तू असतास तर तुझं तोंड हुंगून तरी पाहिलं असतं कोणी. दोराला हात लावायच्या आधी तुम्ही दारूला शिवत नाही हे मी सरकारला इंग्रजीत लिहून कळवलं, कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेल्या सगळ्या व्याकरणासकट. पोच आली. माझं इंग्रजी उत्तम असल्याचं साहेबानं कळवलं होतं. ते पत्र मी चुलीत घातलं, आणि त्यावर भाकरी भाजली.

फुली तेव्हापासून डोंगरातच आहे. वर्षातून एकदा मोलगीच्या बाजारापर्यंत चालत येते, तिथून मिळेल त्या गाडीनं इथे. ओसरीच्या पायरीवर बसते, धुराड्याकडे बघते, गुळाचा चहा पिते, जाते. तुझं नाव तिनं कधी घेतलं नाही. गोवालच्या आठवणीचा दगड तुमच्या गावच्या वेशीवर अजून उभा राहिलेला नाही, हेही तुला ठाऊक नसेल. तुमच्यात म्हणे, ज्या दोरावरून माणूस गेला तो दोर उतरल्याशिवाय त्याचा दगड बसत नाही, आणि बापाचा दगड बसल्याशिवाय मुलाच्या लग्नाचा मांडव पडत नाही. दोर उतरवायला वर जायचं तर खाली बायकोचा भाऊ हवा. आणि ज्या दोरानं एक माणूस नेला त्याच्याजवळ आपल्या बहिणीचा नवरा कोण पाठवील? कोणीच पाठवला नाही. राहिला जान्या. त्याचं लग्न नाही म्हणून त्याला मेहुणा नाही, मेहुणा नाही म्हणून दोर धरायला कोणी नाही, आणि दोर उतरत नाही म्हणून लग्न नाही. असा गुंता फक्त तुम्ही लोक घालू शकता.

जान्याला तू पाहिलंस तेव्हा तो दूध पीत होता. आता दाराच्या चौकटीला डोकं लागतं त्याचं. बापासारखा हळू बोलतो आणि बापासारखाच न हसता हसवतो. मागच्या वर्षी मला म्हणाला, "बाई, बायको नंतर मिळाली तरी चालेल, आधी एक साला मिळवून द्या." एका मुलीनं त्याच्यासाठी दोन होळ्या वाट पाहिली आणि तिसरीला दुसऱ्याबरोबर गेली. आता दुसरी एक आहे, आणि ती तिसऱ्या होळीपर्यंत थांबणार नाही, असं तिच्या बापानं कळवलं आहे.

आणि आता वेळ उरलेला नाही. लढाईमुळे लोखंडाला आणि विटांना भाव आला आहे. जिनाचं आवार विकलं गेलं. धुराडं पाडायचं काम हबीबच्याच गळ्यात पडलं आहे. होळी झाली की पायथ्याला सुरुंग लावणार. पाळणा, तार, कप्पी, सगळं विटांच्या ढिगात जाईल आणि भंगारवाला नेईल. जान्याला हे कळल्या दिवसापासून तो इथे येऊन राहिला आहे. म्हणतो, सुरुंगाच्या आधी मी वर जाणार, बापाची फळी हातानं सोडवून खाली आणणार. हबीब म्हणाला, "मन्हा माणसे देस दोर धराले." जान्या म्हणाला, "तुमच्या माणसांची बहीण मला दिलेली नाही." मग म्हणाला, कोणीच नसेल तर धुराड्याच्या आतल्या लोखंडी कड्यांवरून चढेन आणि तारेवर उतरेन. त्या गंजलेल्या तारेवर. मी त्याला खूप बोलले. माझं बोलणं कसं असतं ते तुला माहीत आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि ओसरीवर बसून अंबाडीचा दोर वळायला लागला.

परवा फुली आली. या वेळी मी तिला सांगितलं की तू जिवंत आहेस, भरूचला आहेस, दोर बांधतोस. तिनं चहा निवू दिला. मग तिच्या बोलीत जे बोलली ते मी माझ्या मराठीत लिहिते. "मी त्या दिवशी बोलले नाही, कारण मला वाटलं तो आधी वर जाईल, पाळणा घेऊन खाली येईल, मग माझ्या दाराशी येईल, तेव्हा दोघं मिळून रडू. तो दुसऱ्याच वाटेनं गेला. मी तिथेच बसले आहे." एवढंच. तू शाप समजून जे घेऊन गेलास ते हे होतं, रूपसिंग. ती तुझ्यासाठी थांबली होती. मी विचारलं, जान्याचं काय करायचं, त्याला अडव. तिनं नाही म्हणून मान हलवली. जान्याला मेहुणा नाही, पण तिला भाऊ आहे, असं म्हणाली, आणि त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातात ती तो दोर देणार नाही. मग ती उठली, घंटेजवळ गेली, आणि तिनं दोर धरून एक लांब ओढ दिली, दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून. घंटा वाजली. जाहेदा हातात खडू घेऊन बाहेर आली, मागे मुली, दप्तरांसकट. भर दुपार होती. मी जाहेदाला म्हटलं, सुटू दे आज. फुलीनं दोर सोडला आणि मला म्हणाली, त्याला हे लिहा. म्हणून लिहिते. अंबाडीचा नवा दोर वळून झाला आहे. चिंचेचं खोड उभं आहे, तुझ्या वेढ्यांच्या खाचा त्यावर अजून आहेत, मी बोट फिरवून पाहिलं. हबीबला मी सांगितलं आहे की होळीनंतरचा मोलगीचा पहिला बाजार होईपर्यंत सुरुंगाला हात लावायचा नाही, आणि त्यानं मान्य केलं, कारण मला नाही म्हणायची त्याची हिंमत नाही. त्या दिवसापर्यंत तू आलास तर जान्या तुझ्या दोरावर चढेल. नाही आलास तरी तो चढणारच आहे. तुझ्या बहिणीनं दोर ओढला आहे, आणि आता भार तुझ्यावर आहे.

तुझ्यावर अजून रागावलेली, पण तुझीच,
मार्थाबाई